पेशंटला घरी सोडताना पुढच्या डॉक्टरला काय आणि कसं कळवायचं

हे मुख्यतः आरएमओ (वॉर्डात हजर असणारे निवासी डॉक्टर), हाऊसमन, इंटर्न आणि वॉर्डातल्या सिस्टर-ब्रदरसाठी लिहितेय, आणि थोडं आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणाऱ्यांसाठी पण. मी आधी शहरातल्या हॉस्पिटलात आरएमओ होते तेव्हा डिस्चार्ज कार्डं लिहायचे, आता गावात बसून तीच कार्डं वाचते. दोन्हीकडून बघितल्यावर माझं मत पक्कं झालंय, की डिस्चार्ज कार्ड लिहिताना आपण पुढच्या डॉक्टरला पत्र लिहितोय असं समजूनच लिहायचं. खाली जे काही सांगितलंय ते सगळं यातूनच निघतं.

आपल्याकडे अडचण अशी की पेशंटचा नोंदलेला असा एक डॉक्टर नसतो. इंग्लंडात प्रत्येकाचा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, ठरलेला असतो आणि पेशंट घरी गेल्यावर २४ तासांच्या आत समरी त्या जीपीकडे पोचली पाहिजे असं एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, हॉस्पिटलांच्या करारातच आहे. आपल्याकडे पोस्टमन पेशंटच. प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे, ईसीजी, मेडिकलच्या पावत्या, बिलं आणि त्यात कुठेतरी ते कार्ड, आणि ती पिशवी मांडीवर घेऊन पेशंटचा मुलगा नाहीतर सून आमच्यासमोर बसते. काय झालं होतं विचारलं की "हार्टचं काहीतरी होतं, स्प्रिंग टाकलीय" एवढंच. कुठली शीर, किती पंपिंग (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त पुढे ढकलतं), कुठल्या गोळ्या जुन्या आणि कुठल्या नव्या, हे सगळं त्या पिशवीतून शोधायचं आणि बाहेर पंधरा पेशंट बसलेले असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी इजा कमी करायची मोहीम सुरू केली, तेव्हा तीन गोष्टींवर भर दिला, धोक्याची परिस्थिती, एकाच वेळी खूप औषधं चालू असणं आणि पेशंट एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो तो काळ. आपल्याकडचे साठीच्या पुढचे डायबेटिस-बीपीवाले पेशंट डिस्चार्जच्या दिवशी या तिन्हीत एकदम बसतात.

ॲडमिशनच्या दिवशीच विचारून ठेवा

डिस्चार्जच्या दिवशी दुपारी बिलिंगचा फोन, टीपीएचा (इन्शुरन्सचे क्लेम बघणाऱ्या कंपनीचा) फोन, नातेवाइकांची गाडी खाली उभी, अशा गडबडीत पेशंटचा गावचा डॉक्टर कोण हे कोणी विचारत नाही. म्हणून ॲडमिशनच्या वेळीच केस पेपरच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा. नेहमी दाखवता तो डॉक्टर कोण, कुठल्या गावात, त्यांचा मोबाईल. जवळचं उपकेंद्र किंवा पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) कुठलं. आणि घरी गेल्यावर औषधं प्रत्यक्ष कोण देणार, त्या माणसाचा नंबर. शेवटचं महत्त्वाचं, कारण फॉर्मवर नंबर असतो पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा आणि गोळ्या देते गावातली नात.

पत्ता विचारताना आधार कार्डावरचा उतरवून घेऊ नका, "इथून कुठे जाणार" असं विचारा. पहिलटकरीण बहुतेक वेळा माहेरी जाते, कार्डावर पत्ता असतो सासरचा, आणि मग सासरच्या गावच्या आशाताईला निरोप जातो आणि माहेरच्या आशाताईला काही पत्ताच नसतो. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांचं तसंच, दिवाळीच्या आगेमागे ते कारखान्याच्या भागात जातात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, परत येत नाहीत, मग त्या काळात "पुढच्या महिन्यात गावच्या पीएचसीत दाखवा" या वाक्याला काही अर्थ नाही, टोळी कुठल्या तालुक्यात आहे ते विचारून तिथलं ग्रामीण रुग्णालय लिहावं लागतं.

आणि औषधांची पिशवी. घरी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या नातेवाइकांना आणायला सांगा, पट्ट्यांसकट. नुसतं "बीपीची गोळी चालू आहे" यावर थांबू नका. आयुर्वेदिक, काढे, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या गोळ्या, हे पण विचारा, रागावून विचारलं की सांगत नाहीत, सहज बोलता बोलता विचारलं की सांगतात.

कार्ड लिहिताना

बहुतेक डिस्चार्ज कार्डांवर पहिलं अख्खं पान तक्रारी, हिस्टरी, तपासणी आणि सगळ्या लॅब रिपोर्टांनी भरलेलं असतं, आणि मला जे हवं असतं ते तिसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरात. इन्शुरन्सला हवं ते भरपूर असतं, पुढच्या डॉक्टरला हवं ते कमी. २०२४ मध्ये आयआरडीएआयने (विमा क्षेत्राची नियामक संस्था) कॅशलेसच्या डिस्चार्जची परवानगी ३ तासांत द्यायला सांगितलंय, त्यामुळे समरी लवकर टाईप होऊन जायला हवी याची घाई सगळ्यांना असते, ती समजू शकते. पण त्याच समरीच्या वर एक चौकट टाकायला पाच मिनिटं लागतात. चौकटीत काय लिहायचं ते एका काल्पनिक पेशंटवरून दाखवते. कार्ड इंग्रजीत असतं, असू दे, इथे मराठीत देतेय.

"नमस्कार डॉक्टर. आपले पेशंट, वय ६४, १२ ते १७ तारखेपर्यंत आमच्याकडे होते. हार्ट अटॅक, हृदयाच्या पुढच्या शिरेत एक स्टेंट. पंपिंग ३५ टक्के. घरी जाताना वजन ५८ किलो, बीपी ११०/७०, क्रिएटिनिन १.३, पोटॅशियम ४.४.
बंद केलं: ॲम्लोडिपिन, कारण बीपी कमी राहतंय. डायक्लोफेनॅक, कारण हार्ट आणि किडनी. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल द्यावी, डायक्लोचं इंजेक्शनही नको.
डोस बदलला: टेल्मिसार्टन ४० होती, आता २०.
नवीन: ॲस्पिरिन ७५, टिकाग्रेलॉर ९० सकाळ-संध्याकाळ, ॲटोरव्हास्टॅटिन ४० रात्री, मेटोप्रोलॉल २५, स्पायरोनोलॅक्टोन २५, टॉर्सेमाइड १०.
तसंच चालू: मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ.
तुमच्याकडून हवंय: २४ तारखेला क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर लगेच फोन.
स्टेंटच्या दोन गोळ्या वर्षभर. दात काढायचा असला तरी आम्हाला विचारल्याशिवाय बंद करू नयेत.
दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं, पायावर सूज आली, रात्री उठून बसावं लागलं तर तुमच्याकडे येतील, आम्हाला कळवा. फोन अमुक, सकाळी ९ ते रात्री ९."

यात घरी जातानाचं वजन आहे ते बघा. हार्ट फेल्युअरच्या पेशंटचं डिस्चार्जचं वजन मला कळलं नाही तर आठ दिवसांनी काट्यावर उभं करून मी तुलना कशाशी करू. क्रिएटिनिनचंही, म्हणजे किडनीच्या कामाच्या आकड्याचंही, तसंच, आज १.६ आलं तर ते वाढलंय का उतरलंय हे शेवटचा आकडा असल्याशिवाय सांगता येत नाही. ॲडमिशनचे सगळे आकडे देण्यापेक्षा सुटतानाचे चार आकडे द्या, बाकी रिपोर्ट मागे जोडलेले असतातच.

"बंद केलं" आणि "का बंद केलं" हे दोन्ही लिहा. नुसती नवीन यादी दिली की पेशंट घरी जाऊन जुन्या गोळ्याही चालू ठेवतो, कारण त्या बंद करा असं त्याला कोणी सांगितलेलंच नसतं, आणि मी पण ठामपणे बंद करू शकत नाही, मला वाटतं की लिहायची राहून गेली असेल. सगळ्यात जास्त हे होतं एकत्र गोळ्यांमध्ये. पेशंट आधीपासून इकोस्प्रिन एव्ही घेत असतो, त्यात ॲस्पिरिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन दोन्ही असतात. डिस्चार्जला इकोस्प्रिन गोल्ड लिहिली जाते, तिच्यात ही दोन्ही आणि वर क्लोपिडोग्रेल. दोन्ही पट्ट्या घरात, दोन्ही चालू, म्हणजे ॲस्पिरिन डबल, स्टॅटिन डबल. म्हणून ब्रँडच्या शेजारी आतल्या औषधाचं नाव लिहा, प्रत्येक वेळी. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमावलीत २०१६ ला दुरुस्ती होऊन औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहा असं आलं, त्याचा खरा उपयोग इथे दिसतो.

काही औषधांना कार्डावर वेगळी ओळ द्यायलाच हवी.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. "आठवड्याला एक" एवढं पुरत नाही, "दर सोमवारी" असा वार लिहा, आणि बाकीच्या सहा दिवशी घ्यायची नाही असं पण लिहा. रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. स्टिरॉईड कमी करत आणायचं असेल तर तारखांसकट डोस लिहा, "टेपर करा" लिहून सोडून देऊ नका. रक्त पातळ करायची गोळी असेल, आपल्याकडे बऱ्याचदा असिट्रॉम असते, तर शेवटचा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) किती, किती हवा, पुढचा कधी करायचा आणि तो रिपोर्ट बघून डोस कोण ठरवणार हे चारही लिहा. चौथं नेहमी राहतं, आणि मग पेशंट रिपोर्ट खिशात घेऊन फिरतो.

इन्सुलिनवर जरा थांबते कारण यात दरवेळी गोंधळ बघते. आपल्याकडे साध्या इन्सुलिनची बाटली एका एमएलला ४० युनिटची असते, तिला लाल टोपणाची ४० ची सिरिंज लागते. पेनच्या कार्ट्रिज १०० युनिटच्या, आणि काही बाटल्या पण १०० च्या येतात, त्यांना केशरी टोपणाची सिरिंज. आता समजा ४० ची बाटली आहे आणि मेडिकलवाल्याने केशरी सिरिंज दिली, पेशंटने २० च्या रेघेपर्यंत भरलं तर पोटात जातात फक्त ८ युनिट. शुगर ३०० च्या खाली येत नाही, आम्हाला वाटतं डोस कमी पडतोय, आम्ही डोस वाढवतो. उलटं झालं, म्हणजे १०० ची बाटली आणि लाल सिरिंज, तर २० च्या रेघेला ५० युनिट जातात, आणि तो पेशंट पहाटे बेशुद्ध सापडतो. कार्डावर "मिक्स्टार्ड २०-०-१०" लिहिलेलं असतं, त्यात यातलं काहीच कळत नाही. असं लिहा: इन्सुलिनचं नाव, ४० ची बाटली, लाल टोपणाची सिरिंज, सकाळी नाश्त्याआधी अर्धा तास २० युनिट, रात्री जेवणाआधी अर्धा तास १० युनिट, हॉस्पिटलात शेवटची उपाशीपोटी शुगर किती होती, आणि कोणाला शिकवलंय. वॉर्डात पेनने दिलं आणि घरी बाटली दिली असं होत असेल तर ते आवर्जून लिहा, कारण नातेवाईक वॉर्डात बघितलेलंच करायला जातात.

शॉर्टफॉर्म टाळा. ओडी, बीडी, टीडीएस (दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा) डॉक्टरला कळतं, पण तो कागद मेडिकलवाला, आशाताई आणि दहावीतली नात पण वाचणार असते. १-०-१ चालतं, त्यात वरती सकाळ-दुपार-रात्र असं लिहिलं तर अजून बरं. आणि औषध लिहायच्या आधी ते तालुक्याला मिळतं का याचा विचार करा. शहरातल्या हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये मिळणारा ब्रँड आमच्याकडे नसतो, मग पेशंट "त्यातलंच दुसरं" घेतो नाहीतर घेतच नाही.

राहिलेले रिपोर्ट आणि आत राहिलेल्या नळ्या

पेशंट घरी गेल्यावर येणारे रिपोर्ट हा सगळ्यात मोठा खड्डा आहे. कल्चरला (जंतू वाढवून बघायची तपासणी) दोन-तीन दिवस लागतात, बायोप्सीला आठवडा तरी, पेशंट त्याच्या आधीच सुटतो. कार्डावर लिहिलेलं असतं "रिपोर्ट घेऊन फॉलोअपला या". पेशंटला बरं वाटलं की तो येत नाही, रिपोर्ट लॅबच्या खिडकीत पडून राहतो, आणि त्यात कॅन्सर निघालेला असू शकतो. म्हणून वॉर्डात एक वही ठेवा, पेंडिंग रिपोर्टची. तारीख, पेशंट, कुठला नमुना, कधी येणार, आणि बघायची जबाबदारी कोणाची, नावासकट. "युनिट बघेल" असं लिहिलं की कोणीच बघत नाही. रोज सकाळी राऊंडच्या आधी एक जण ती वही उघडेल असं ठरवा, रिपोर्ट आला की पेशंटला आणि त्याच्या गावच्या डॉक्टरला दोघांना फोन. कार्डावर पण लिहा की अमुक रिपोर्ट बाकी आहे. मग तो आला नाही तर गावातून मी तुम्हाला विचारीन, इतकं तरी मला करता येतं.

नळ्यांचं पण असंच. लघवीची नळी कधी घातली आणि कधी बदलायची किंवा काढायची, नाकातली नळी कुठपर्यंत, टाके कधी काढायचे आणि आपोआप विरघळणारे आहेत का. डीजे स्टेंटबद्दल तर विशेष सांगते. मुतखड्याच्या ऑपरेशननंतर आत नळी ठेवलेली असते, ती बाहेरून दिसत नाही, दुखायचं थांबलेलं असतं, खूप पेशंटना आत काही ठेवलंय हेच माहीत नसतं. हृदयाच्या स्टेंटबद्दल ऐकलेलं असतं त्यामुळे काहींना वाटतं ही पण कायमचीच. ती वेळेवर काढली नाही तर तिच्यावरच खडे जमतात, आणि मग काढायला पुन्हा ऑपरेशन, कधीकधी किडनीच जाते. कार्डाच्या पहिल्या पानावर लाल पेनने "आत नळी आहे, अमुक तारखेच्या आधी काढायची" लिहा, आणि युरॉलॉजीच्या वहीत प्रत्येक डीजे स्टेंटची नोंद ठेवून तारीख उलटली की फोन करा.

फोन कधी आणि कसा करायचा

सगळ्यांना फोन शक्य नाही हे मान्य. पण काही पेशंटच्या बाबतीत करायलाच हवा असं माझं स्पष्ट मत आहे: नवीन इन्सुलिन, रक्त पातळ करायची गोळी, हार्ट फेल्युअर, किडनी नुकतीच सावरलेली, नळी किंवा ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्यात केलेलं छिद्र) घेऊन घरी जाणारा, कमी वजनाचं बाळ, घरी एकटं राहणारं माणूस, आणि ज्यांना आता पुढे फक्त त्रास कमी करायचे उपचार द्यायचेत ते. शेवटच्या गटात तर नक्कीच, कारण घरच्यांशी वॉर्डात काय बोलणं झालंय हे मला माहीत नसलं की मी रात्री घाबरून १०८ बोलावते आणि पेशंट परत आयसीयूत, जे त्याला नको होतं.

बोलायचा क्रम ठरवून घेतला की दोन मिनिटांत होतं. एसबीएआर नावाची पद्धत बऱ्याच नर्सिंग कॉलेजांत शिकवतात, ती मुळात अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून हॉस्पिटलांत आली. आत्ता काय आहे, मागे काय झालं, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. प्रत्यक्षात असं:

"नमस्कार सर, मी अमुक हॉस्पिटलच्या मेडिसिन युनिटमधून बोलतेय, दोन मिनिटं आहेत का? तुमच्याकडे नेहमी येणारे आजोबा आज घरी येतायत. अटॅक आला होता, एक स्टेंट टाकलाय, पंपिंग ३५ टक्के आहे. आता स्थिर आहेत, पण स्पायरोनोलॅक्टोन नवीन सुरू केलीय त्यामुळे पोटॅशियमची काळजी वाटते. २४ तारखेला पोटॅशियम आणि क्रिएटिनिन करून मला व्हॉट्सॲप कराल का? आणि सर, गुडघ्यासाठी डायक्लो आता नको."

"हो मॅडम. म्हणजे २४ ला पोटॅशियम, क्रिएटिनिन, डायक्लो बंद. ॲम्लोडिपिन चालू ठेवायची ना?"

"नाही सर, ती बंद केलीय, बीपी ११० च्या आसपासच आहे."

बघा, समोरच्याने परत म्हणून दाखवलं म्हणून ॲम्लोडिपिनचं कळलं. अमेरिकेत ९ हॉस्पिटलांत मुलांच्या वॉर्डातल्या रेसिडेंट डॉक्टरांना हँडओव्हर द्यायची आय-पास नावाची ठरलेली पद्धत शिकवली, त्याचा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला, वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. ते शिफ्ट बदलतानाचं होतं, डिस्चार्जचं नाही, पण त्यातली शेवटची पायरी हीच, ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगायचं. ते मागायला लाजू नका, "सर, एकदा मी नीट सांगितलं का ते बघूया" म्हटलं की कोणाला वाईट वाटत नाही.

वेळ बघून फोन करा. सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहानंतर आमची ओपीडी भरलेली असते, दुपारी दीडच्या सुमारास बरं पडतं, आणि गावच्या बाजाराच्या दिवशी तर बोलायला उसंतच नसते. अजून एक, समोरचा डॉक्टर बीएएमएस आहे, बीएचएमएस आहे का एमबीबीएस, यावरून आवाज बदलू नका. रात्री दोनला पेशंटचं दार उघडणारा माणूस तोच आहे. सर-मॅडम म्हणा, सूचना देण्याच्या सुरात बोलू नका, आणि त्यांना काय माहितीय ते विचारा, दहा वर्षं त्या कुटुंबाला ओळखणाऱ्या डॉक्टरकडून तुम्हाला कळेल की आजोबांना दिसत कमी आहे आणि गोळ्या सुनेच्या हातात दिल्या तरच घेतल्या जातात.

सिस्टरकडून सिस्टरकडे

डॉक्टरांच्या कार्डात न मावणारं खूप काही सिस्टरना माहीत असतं. जखम कशी आहे, ड्रेसिंग कशाने करताय, पाठीला व्रण पडायला लागलाय का, पेशंट किती चालतो, जेवण गिळताना ठसका लागतो का. इन्चार्ज सिस्टरने अर्ध्या पानाची चिठ्ठी उपकेंद्राच्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) किंवा एएनएमताईंच्या (आरोग्यसेविका) नावाने दिली तर त्यांना सुरुवात कुठून करायची हे कळतं. मागच्या ड्रेसिंगची तारीख आणि जखमेची लांबी-रुंदी लिहा, "जखम बरी आहे" यावरून पुढच्या आठवड्यात काही ठरवता येत नाही.

इन्सुलिन किंवा नळीतून भरवणं शिकवलं असेल तर "समजलं ना?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "घरी कसं करणार ते मला करून दाखवा" म्हणा, आणि चिठ्ठीत लिहा की सुनेने दोनदा स्वतः करून दाखवलं.

बाळंतीण आणि बाळ असेल तर आशाताईंच्या घरभेटी ठरलेल्याच असतात, दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. या घरगुती नवजात काळजीचं काम गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेतून उभं राहिलं आणि नंतर देशभर गेलं. एसएनसीयूतून (आजारी नवजात बाळांचा विशेष कक्ष) सुटणाऱ्या बाळाचं जन्माचं वजन, सुटतानाचं वजन, अंगावर पितंय का वाटीचमच्याने, कांगारू पद्धतीने (उघड्या छातीशी) किती वेळ धरतात, डोळ्यांची आणि कानांची तपासणी झाली का राहिलीय, हे लिहून दिलं तर आशाताईला घरी गेल्यावर नक्की काय बघायचं ते कळतं. नाहीतर ती नुसतं वजन करून येते.

टीबीच्या पेशंटला "गावच्या पीएचसीत जा" सांगून पाठवू नका. निक्षयवर (टीबी पेशंटच्या नोंदीचं सरकारी पोर्टल) नोंद झालीय का, तो राहतो त्या तालुक्याच्या टीबी युनिटला ट्रान्सफर केलाय का, आणि मधल्या दिवसांच्या गोळ्या हातात आहेत का, तिन्ही बघूनच सोडा.

व्हॉट्सॲप आणि गुप्तता

कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणं सगळेच करतात आणि त्याने फायदा होतो, मी नाही म्हणणार नाही. पण पेशंटला विचारून पाठवा, थेट त्या डॉक्टरच्या नंबरवर पाठवा, ग्रुपवर टाकू नका, फोटो सरळ आणि सगळी पानं. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा कायदा आहे, कायद्यातले ठराविक अपवाद सोडले तर पेशंटच्या संमतीशिवाय कोणाला सांगता येत नाही, त्यामुळे कार्डावर ठळक अक्षरात लिहून ते सगळ्या नातेवाइकांच्या हातात देणं चूकच. पेशंटशी बोलून, कोणाला कळवायचं ते त्याच्याकडून ठरवून घ्या. आभा नंबर (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) असेल, तो १४ आकडी असतो, तर कार्डावर टाका. पण रेकॉर्ड ऑनलाईन आहे म्हणून कागद द्यायचा राहू देऊ नका, आमच्याकडे रेंज असेलच असं नाही.

डामा घेऊन जाणारे

डॉक्टरचा सल्ला नसताना सही करून स्वतःच्या जबाबदारीवर जाणाऱ्या (म्हणजे डामा घेणाऱ्या) पेशंटला खूप ठिकाणी नीट कार्ड देत नाहीत. हे मला अजिबात पटत नाही. तो बरा होऊन चाललेला नसतो, पैसे संपलेले असतात, घरी कोणी नसतं नाहीतर पेरणी आलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी तो आमच्याच दारात असतो. मागे एका पेशंटला घेऊन नातेवाईक असेच आले, हातात नुसती सहीच्या फॉर्मची झेरॉक्स होती, कुठली अँटिबायोटिक किती दिवस गेली हे कळायला माझी दुपार गेली. त्याला तर कार्ड सगळ्यात आधी हवं: निदान काय, काय दिलं, शेवटचा डोस किती वाजता, काय राहिलं, कशाची भीती आहे, आणि परत यायचं असेल तर दार उघडं आहे.

महात्मा फुले या सरकारी मोफत उपचार योजनेतले पेशंट असतील तर डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतचा फॉलोअप आणि औषधं पॅकेजमध्येच धरलेली असतात हे आरोग्यमित्राकडून (हॉस्पिटलातला योजनेचा मदतनीस) पेशंटला सांगा आणि कार्डावर तारीख टाका, माहीत नसल्यामुळे लोक आमच्याकडे येऊन विकत घेतात.

आमच्या बाजूने

आम्ही गावातले डॉक्टर पण नुसती तक्रार करून चालणार नाही. रेफर करताना आपण काय दिलं, कधीपासून, याची चिठ्ठी दिली नाही तर परत येताना चांगलं कार्ड मिळेल अशी अपेक्षा कशी करायची. चिठ्ठीवर आपला मोबाईल आणि फोनची सोयीची वेळ लिहा. पेशंट परत आला की कार्डातली यादी आणि घरातल्या पट्ट्या शेजारी शेजारी टेबलावर मांडा, बंद झालेल्या पट्ट्या नातेवाइकांसमोर बाजूला काढा. कार्ड समजलं नाही तर अंदाजाने चालवू नका, फोन करा. कागदच मिळाले नसतील तर पेशंटला लेखी मागायला सांगा, २००२ च्या नियमावलीप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात.

आणि उलट निरोप द्या. "२४ ला पोटॅशियम ४.९, क्रिएटिनिन १.४, वजन ५८, बीपी ११२/७०, त्रास नाही" एवढा मेसेज पुरतो. हॉस्पिटलातल्या आरएमओला आपण सोडलेल्या पेशंटचं पुढे काय झालं हे सहसा कधीच कळत नाही, असा मेसेज गेला की पुढचं कार्ड तो जास्त काळजीने लिहितो, हे मी दोन्हीकडून बघितलंय. फोन लागत नसेल तर कार्डाच्या मागच्या बाजूला तारीख टाकून लिहा आणि पेशंटबरोबर पाठवा. फक्त पुढच्या पानावर कोपऱ्यात "मागे बघा" लिहायला विसरू नका, कार्ड सहसा कोणी उलटून बघत नाही.